विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा कशी मिळवावी आणि ती घेताना काय पाहावे

विद्यापीठात प्रवेश मिळाला की वसतिगृहाची खोलीही आपोआप मिळते, अशी समजूत मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदाच शहरात शिकायला पाठवणाऱ्या पुष्कळ पालकांची असते. पवईच्या आयआयटीसारख्या निवासी संस्थेत ती बऱ्याच अंशी खरी आहे, कारण विद्यार्थी आवारातच राहील असे गृहीत धरून त्या संस्थेची रचना झालेली आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत मात्र अभ्यासक्रमाचा प्रवेश आणि वसतिगृहाचा प्रवेश या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अर्ज वेगळा, यादी वेगळी, शुल्क वेगळे आणि शेवटची तारीखही वेगळी. केवळ ही तारीख ठाऊक नसल्यामुळे पात्र विद्यार्थ्याची जागा जावी, ही गोष्ट मला फार खटकते, कारण ज्याला त्या जागेची खरी गरज असते त्याच्यापर्यंतच ही माहिती बहुधा उशिरा पोहोचते. वसतिगृहाकडे दुसरा प्रवेश म्हणून पाहावे आणि त्याची तयारी पहिल्या प्रवेशाबरोबरच सुरू करावी, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मे काम होते.

अर्ज कोणाकडे करायचा

पहिला प्रश्न पात्रतेचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीचे आवार ४११ एकरांचे आहे आणि त्यात मुलांची व मुलींची अनेक वसतिगृहे आहेत. परंतु ती प्रामुख्याने आवारातल्या विभागांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहेत. पुण्यातील एखाद्या संलग्न महाविद्यालयात बी.कॉम.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीवर विद्यापीठाचेच नाव असले, तरी राहण्याच्या सोयीसाठी त्याने आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाकडेच अर्ज करायचा असतो. विद्यापीठाच्या कार्यालयात रांगेत उभे राहून हे कळण्यापेक्षा महाविद्यालय निवडतानाच त्याचे स्वतःचे वसतिगृह आहे का, हे विचारून घ्यावे.

मुंबईत आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो. मुंबई विद्यापीठाची वसतिगृहे कालिन्याच्या आवारात आहेत, तशी चर्चगेट परिसरातही आहेत. तासिका कालिन्याला आणि खोली चर्चगेटला मिळाली, तर रोज लोकलचा प्रवास आलाच. तो करण्याची तयारी असेल तर जागा जरूर घ्यावी, कारण दक्षिण मुंबईत त्या दरात दुसरी सोय होणे अवघडच आहे. परंतु पैसे भरण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

आवारात राहण्याचे प्रकारही एकच नसतात. नियमित पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोघा-तिघांची खोली मिळते. संशोधक विद्यार्थ्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी इमारत किंवा वेगळा मजला असतो आणि तेथे खोलीतील माणसे कमी असतात. परदेशी विद्यार्थ्यांची व्यवस्था निराळी असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजनेतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृह आहे; तेथे ठरावीक तास काम करून राहण्या-जेवणाचा भार हलका करता येतो. पुणे विद्यापीठातही ही योजना आहे, परंतु तेथे कामाचा मोबदला तासांनुसार मिळतो आणि वसतिगृहाचा प्रवेश वेगळाच घ्यावा लागतो. घरून पैसे येण्याची खात्री नसलेल्या विद्यार्थ्याने या योजनेची चौकशी वसतिगृहाच्या अर्जाबरोबरच करावी. काम करावे लागते म्हणून संकोच बाळगू नये. राजर्षी शाहूंनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे अनेक जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा दिली तरच तो शिकेल, हे ओळखून आपल्याकडे ही परंपरा उभी राहिली आणि तिचा लाभ घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

यादी कशी लागते

वसतिगृहात जितक्या जागा असतात, त्यापेक्षा अर्ज नेहमीच जास्त येतात. साधारणपणे प्रत्येक विभागाला त्याच्या विद्यार्थिसंख्येनुसार काही जागा ठरवून दिलेल्या असतात आणि त्या जागा प्रवेशाच्या गुणवत्तेनुसार व शासनाच्या आरक्षणानुसार भरल्या जातात. दिव्यांग विद्यार्थ्यांनी आपले प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडावे आणि तळमजल्यावरील खोलीची लेखी मागणी त्याच वेळी करावी. खोलीवाटप झाल्यावर केलेली मागणी पुरी होण्यास वेळ लागतो. ज्यांचे घर त्याच शहरात किंवा लगतच्या भागात आहे, त्यांचा विचार बहुधा शेवटी होतो किंवा होत नाही. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या विद्यार्थ्याने पुण्याच्या वसतिगृहावर भिस्त ठेवू नये.

पहिल्या यादीत नाव नसले म्हणून निराश होऊन लगेच बाहेर वर्षभराचा करार करणे हे घाईचे ठरते. प्रवेशानंतरचे काही आठवडे जागा हलत असतात: कोणाला दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळतो, कोणी नोकरी धरतो, कोणी पैसे भरण्याची मुदत चुकवतो. प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्याने महिनाभरासाठी कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतील एका कॉटपुरते भाडे देऊन, किंवा नातेवाइकांकडे तात्पुरती सोय करावी, आपला प्रतीक्षा क्रमांक लिहून ठेवावा आणि वसतिगृह कार्यालयात ठरावीक दिवसांनी स्वतः जाऊन चौकशी करावी. यादी सूचना फलकावर लागते आणि पैसे भरायला दोन-तीन दिवसच मिळतात, असेही अनेकदा घडते. त्या दिवसांत गावी असलेल्या विद्यार्थ्याची जागा पुढच्या क्रमांकाला जाते. विभागातील एखाद्या मित्राला फलकावर लक्ष ठेवायला सांगून ठेवणे हा साधा पण खात्रीचा उपाय आहे.

कागदपत्रे

येथे मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण सर्वाधिक अडचणी येथेच येतात. अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची पावती, मागील परीक्षेची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि छायाचित्रे तर लागतातच. शिवाय अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आरक्षित प्रवर्गात असल्यास जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, आणि इतर मागास, भटक्या व विमुक्त प्रवर्गांसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही मागितले जाते. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि स्थानिक पालकाचे हमीपत्र अनेक ठिकाणी आवश्यक असते. शहरात ओळखीचे कोणीच नसेल, तर स्थानिक पालक म्हणून कोण चालेल हे कार्यालयात आधीच विचारावे. गावचे परंतु शहरात नोकरी करणारे कोणी असल्यास ते चालते, असा माझा अनुभव आहे.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांना वैधतेची मुदत असते. दोन वर्षांपूर्वी काढलेला दाखला घेऊन आलेला विद्यार्थी परत पाठवला जातो. निकाल लागल्यानंतर सेतू केंद्रांवर सगळ्यांचीच गर्दी उसळते. म्हणून परीक्षा संपताच, निकालाची वाट न पाहता, हे दाखले काढायला टाकावेत. आपले सरकार संकेतस्थळावरून अर्ज केल्यास पोचपावती जपून ठेवावी. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, आधारवरील नाव आणि जातीच्या दाखल्यावरील नाव अक्षरशः जुळायला हवे. वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे आणि कुठे नाही, एवढ्यावरून अर्ज अडतो. बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हेही याच वेळी तपासावे, कारण शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता त्याच खात्यात येतो.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याला आणि पालकाला दर वर्षी भरून द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार ते बंधनकारक आहे. ते न वाचता सही करून देऊ नये. त्यात काय काय रॅगिंग समजले जाते हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि पहिल्या महिन्यात त्याचा उपयोग होऊ शकतो.

पैशांची सोय

वसतिगृहाचे वार्षिक शुल्क बाहेरच्या भाड्याच्या मानाने पुष्कळच कमी असते, परंतु पहिल्याच दिवशी शुल्क, अनामत रक्कम आणि मेसचे आगाऊ पैसे असे तीन भरणे एकदम येतात. ही रक्कम यादी लागण्यापूर्वीच हाताशी ठेवावी. राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. तिच्यात वसतिगृहाचे शुल्क येत नाही. अनेक पालकांचा येथे गैरसमज होतो.

आवारात जागा मिळाली नाही, तर पुढचा मार्ग शासकीय वसतिगृहांचा. समाजकल्याण विभागाच्या मागासवर्गीय वसतिगृहांत निवास, भोजन आणि निर्वाह भत्ता मिळतो. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे वेगळी आहेत. तेथील अर्जाची मुदत विद्यापीठाच्या मुदतीपेक्षा निराळी असते, म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी भरून ठेवावेत. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असूनही तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या महानगरांत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये देण्याची तरतूद झाली: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. इतर महापालिका क्षेत्रांत ही रक्कम ५१,००० आणि अन्य जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना याच धर्तीवर चालते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना असून तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. या योजनांचे पैसे हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा येतात. पहिले चार-सहा महिने ते आलेच नाहीत असे धरून घरच्या खर्चाचा हिशेब मांडावा.

खोली पाहताना

निवडीला वाव असेल, तर खोलीच्या आकारापेक्षा पाण्याकडे आधी पाहावे. शक्यतो वरच्या मजल्यावरच्या स्नानगृहात दुपारी दोनच्या सुमारास जावे आणि नळ सोडून पाहावा. सकाळी पाणी सगळीकडेच असते. दुपारी नळाला धार आहे की नुसता फुसफुसाट, यावरून त्या इमारतीची टाकी आणि मोटर यांची खरी अवस्था कळते. खोल्यांबाहेर भरून ठेवलेल्या बादल्यांची रांग दिसली, तर पाणी ठरावीक वेळीच येते असे समजावे. गरम पाण्याची सोय सौर बंबाची असेल तर पावसाळ्यात काय करतात, हे तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावे. कार्यालयातील उत्तरापेक्षा ते अधिक नेमके असते.

त्यानंतर पाहायचे ते अंतर. आपला विभाग, ग्रंथालय (पुणे विद्यापीठात जयकर ग्रंथालय) आणि मेस या तीन ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. गणेशखिंडीचे आवार मोठे आहे. सायकल असली तर उत्तम. मुलींच्या पालकांनी हाच रस्ता अंधार पडल्यावर एकदा चालून पाहावा आणि दिवे लागतात का ते बघावे. आवारातील वसतिगृहाची खोली साधी, कधी कळकटही असते. बाहेर औंधला किंवा सांगवीला त्याहून चकचकीत खोली मिळते. तरीही शक्य असेल तेथे आवारच निवडावे, असे माझे ठाम मत आहे. ग्रंथालयातून रात्री चालत खोलीवर येता येणे, शेजारच्या खोलीत दुसऱ्या विषयाचा संशोधक असणे, व्याख्यानाला जाण्यासाठी बस धरावी न लागणे, या गोष्टी भाड्याने मिळत नाहीत.

खोलीचा ताबा घेताना जी यादी सहीसाठी पुढे केली जाते, ती ओळ न् ओळ ताडून पाहावी. कॉट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, ट्यूब असे त्यात लिहिलेले असते. कपाटाची कडी तुटलेली असेल, पंख्याचा रेग्युलेटर फिरत नसेल, खिडकीची काच फुटलेली असेल, तर त्या यादीतच ‘नादुरुस्त’ असे लिहून मग सही करावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. वर्षअखेरीस नुकसानभरपाई अनामत रकमेतून कापली जाते आणि तेव्हा आधीची स्थिती सिद्ध करण्याचे दुसरे साधन हाती नसते.

मेस आणि खाडे

मेस पाहायला रविवारी जाऊ नये, कारण त्या दिवशी फीस्ट, म्हणजे खास जेवण असते. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री गेस्ट कूपन घेऊन जेवावे. पोळी गरम आहे का, डाळीत डाळ किती आणि पाणी किती, पिण्याच्या पाण्याचे यंत्र चालू आहे का, भांडी कशी धुतली जातात, एवढे पाहिले तरी पुरे. मेस ठेकेदाराची आहे की विद्यार्थ्यांची समिती चालवते, हेही विचारावे. समिती असेल तर महिन्याचा हिशेब फलकावर लागतो आणि तक्रारीला जागा असते.

खाड्यांचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा नियम पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. समजा महिन्याचा दर ३,६०० रुपये आहे, म्हणजे दिवसाला १२० रुपये. सहा दिवस गावी गेल्यास ७२० रुपये वाचायला हवेत. परंतु अनेक मेसमध्ये सलग तीन-चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत आणि आदल्या दिवशी वहीत नोंद केली नसेल तर तो मिळतच नाही. दर शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे एकाही दिवसाचा खाडा मिळत नाही. त्याने महिन्याऐवजी कूपनवर जेवण मिळते का, याची चौकशी करावी.

नियम, आणि हक्कही

यादीत नाव नसताना मित्राच्या खोलीत राहणाऱ्याला पुण्याच्या वसतिगृहांत पॅरासाइट म्हणतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, शिक्षण संपलेली आणि परिस्थितीने गांजलेली मुले यांत पुष्कळ असतात आणि त्यांच्याविषयी मला सहानुभूतीच वाटते. तरीही नव्या विद्यार्थ्याने ना तसे राहावे, ना कोणाला ठेवून घ्यावे. तपासणीत सापडल्यास दंड होतो, खोली देणाऱ्याचा प्रवेशही रद्द होऊ शकतो आणि दोघांच्या खोलीत चौघे राहिल्याने अभ्यास कोणाचाच होत नाही. खोलीत शेगडी, कॉइल किंवा इस्त्री वापरण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते. जुन्या वायरिंगच्या इमारतीत ती मनाई योग्यच आहे.

मुलींच्या वसतिगृहाच्या वेळा हा वादाचा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधासंबंधीच्या २०१५ च्या विनियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांवर मुलांच्या तुलनेत भेदभावाचे नियम लादू नयेत. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असताना मुलींना मात्र लवकर परतावे लागत असेल, तर याच तरतुदीचा आधार घेऊन रेक्टरांकडे लेखी अर्ज करावा आणि तो शक्यतो अनेकींनी मिळून करावा. छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते. पाणी, मेस, शुल्क यांसारख्या बाबतीत वॉर्डनकडून दाद लागली नाही, तर आयोगाच्याच २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तिच्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते. तोंडी तक्रार हवेत विरते; अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.

रॅगिंगच्या बाबतीत वाट पाहू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ‘ओळख परेड’ म्हणून रात्री खोलीबाहेर बोलावणे हेही त्यातच येते. पालकांनी पहिल्या महिन्यात रोज फोन करून ‘जेवलास का’ एवढेच विचारू नये. खोलीत कोण आहे, झोप होते का, वरच्या वर्गातील मुले कशी वागतात, हेही विचारावे.

वर्ष संपताना

वसतिगृहाचा प्रवेश एका शैक्षणिक वर्षापुरता असतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि राहिलेले विषय किंवा कमी हजेरी यांमुळे तो नाकारला जाऊ शकतो, म्हणून हजेरीकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवावे. परीक्षा संपल्यावर ठरावीक दिवसांत खोली रिकामी करायची असते. सामान ठेवण्याची खोली असेल तर पेटीवर नाव, विभाग आणि मोबाइल क्रमांक लिहून पावती घ्यावी. अनामत रक्कम परत मिळण्यासाठी मूळ पावती, मेसचा आणि ग्रंथालयाचा ना-देय दाखला आणि बँक खात्याच्या पासबुकाची प्रत लागते. हे तिन्ही कागद गावी जाण्यापूर्वीच कार्यालयात जमा करावेत आणि रक्कम जमा होईपर्यंत ते खाते बंद करू नये.